नमुना घेणारे पुष्कळ, पुसणारा कोण?

कोवळ्या मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की धुळ्याच्या कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीपासून जळगाव-भुसावळच्या व्हॉट्सॲप ग्रुपांपर्यंत एक मागणी हमखास ऐकू येते: सगळ्यांचेच डीएनए घेऊन ठेवा ना एकदाचे, आरोपी चोवीस तासांत सापडेल. कोणी शंका काढलीच तर उत्तर तयार असते, कर नाही त्याला डर कशाला? दुसऱ्या टोकाला, पुण्या-मुंबईच्या परिसंवादांत हाच विषय निघाला की वक्त्यांचे ‘पाळत’ या शब्दाशिवाय वाक्य पुरे होत नाही. जणू गुन्ह्याचा तपास हीच मुळात संशयास्पद गोष्ट. डेटाबँक, म्हणजे डीएनए नोंदींचा कायमचा साठा, हवी की नको, या एकाच प्रश्नावर दोघे हातघाईला आलेले आहेत, आणि तो प्रश्न 2022 सालीच, फारशी चर्चा न होता, निकालात निघाला आहे. नमुने घेण्याचा अधिकार पोलिसांच्या हाती आलेला आहे. ते नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांना आणि साठवणाऱ्या यंत्रणेला बांधून घेणारा कायदा मात्र आलेलाच नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मला डेटाबँक हवी आहे. पण ती स्वतंत्र कायद्याने आलेली, पोलिसांच्या बाहेरच्या नियामकाखाली चालणारी, दोषी ठरलेल्यांपुरतीच असावी, आणि निर्दोष सुटलेल्याची नोंद त्याने कोणाचे उंबरे न झिजवता पुसली जावी. आज आपल्याकडे जे आहे ते डेटाबँक असण्यापेक्षाही वाईट आणि नसण्यापेक्षाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, कारण टपरीवर आणि परिसंवादात तो वाचलेला माणूस क्वचितच भेटतो. 1920 चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा बोटांचे ठसे, पायांचे ठसे, मापे आणि छायाचित्रे एवढ्यापुरता होता. त्याच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा 4 ऑगस्ट 2022 पासून लागू झाला. त्यात बुबुळ आणि डोळ्याच्या पडद्याची प्रतिमा आली, सही आणि हस्ताक्षर आले आणि ‘जैविक नमुने व त्यांचे पृथक्करण’ असे पाच शब्दही आले. डीएनए हे अक्षर कायद्यात नाही. या पाच शब्दांत ते बसते. ही नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे 75 वर्षे राहणार. पूर्वी अटकेतल्या माणसाची मापे घ्यायला किमान फौजदार लागे, आता हवालदार पुरतो. नोंद कोणाची होऊ शकते? कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेल्याची, अटक झालेल्याची, प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्याची, आणि शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन देण्याचा हुकूम झालेल्याचीही. म्हणजे आपल्या भाषेत चॅप्टर केसवाला. निवडणूक किंवा गणपती जवळ आले की ठाण्यात चॅप्टर केसेसची यादी कशी तयार होते हे तालुक्याच्या कोर्टात काम करणाऱ्या कुठल्याही वकिलाला विचारा. सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक झालेला माणूस जैविक नमुना द्यायला नकार देऊ शकतो, अशी मुभा कायद्यात आहे, महिला आणि बालकांवरच्या गुन्ह्यांचा अपवाद सोडून. पण शिरपूरच्या पलीकडच्या पाड्यावरचा पोरगा कोठडीत उभा राहून हवालदाराला ‘साहेब, परंतुकानुसार मी नकार देतो’ म्हणेल, अशी ज्याची कल्पना आहे त्याने कोठडी पाहिलेली नाही.

लगाम घालणारा कायदा येऊ घातला होता, ही यातली खरी चुटपुट. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक लोकसभेने जानेवारी 2019 मध्ये मंजूर केले, मग लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. जुलै 2019 मध्ये ते पुन्हा मांडले गेले आणि स्थायी समितीकडे गेले. त्यात नियामक मंडळ होते, प्रयोगशाळांना मान्यतेची सक्ती होती, गुन्ह्याच्या जागेवरचे नमुने, संशयित वा कच्चे कैदी, दोषी, बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांच्या वेगवेगळ्या सूची होत्या. जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फेब्रुवारी 2021 मध्ये अहवाल दिला. धर्म, जात किंवा राजकीय मत पाहून या माहितीचा वापर होईल ही भीती अगदीच निराधार नाही, सरकारने आणि संसदेने तिला उत्तर दिले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. मात्र म्हणून कायदाच नको, असे समितीने म्हटले नाही. हे मला योग्य वाटते. पुढे काय झाले? जुलै 2023 मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतले. दोष होते ते दुरुस्त करायचे, तर गाडाच मोडीत काढला. नमुने घेणारा कायदा तेवढा राहिला.

आता समर्थकांचे म्हणणे. ते हलके नाही, आणि जे ते हलके मानतात त्यांच्याशी मला वाद घालण्यातही रस नाही. डीएनएचा गुन्हेतपासातला पहिला मोठा वापर इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये झाला, आणि त्यातून आधी सुटला तो एक निर्दोष. 1983 आणि 1986 मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते, सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांतल्या एकाची कबुलीही दिली होती. ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाच्या नव्या डीएनए चाचणीने तो मुलगा नव्हेच असे दाखवले. पोलिसांनी घेतलेल्या कबुलीपेक्षा प्रयोगशाळा खरी ठरली. आपल्याकडच्या ‘कबुलीजबाबां’ची कीर्ती पाहता याचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको. आणि अनोळखी मृतदेहांचे काय? नंदुरबार जिल्ह्यातून, धडगाव-अक्कलकुव्यातून, दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. रस्त्यावर, रुळावर कोणी गेले आणि खिशात कागद नसला, तर तिकडच्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, काही दिवसांनी बेवारस म्हणून अंत्यसंस्कार, आणि इकडे पाड्यावर माणूस नुसता ‘आला नाही’. जून 2025 मध्ये अहमदाबादला विमान पडले तेव्हा होरपळलेल्या देहांची ओळख नातेवाईकांच्या नमुन्यांवरून पटवली गेली. विमानाच्या प्रवाशाला जे मिळाले ते ऊसतोड्याला का मिळू नये? बेपत्ता आणि अनोळखी मृतांची, नातेवाईकांच्या संमतीने तयार होणारी सूची हा मागे घेतलेल्या विधेयकातला सर्वांत चांगला भाग होता. तो गेला याचे दुःख विरोधकांनाही व्हायला हवे होते. पण तेव्हा कोणी हळहळल्याचे ऐकले नाही.

पण लेस्टरशायरची गोष्ट समर्थक अर्धीच सांगतात. त्या मुलाला सोडल्यावर आसपासच्या पाच हजारांच्या वर पुरुषांचे नमुने घेतले गेले आणि खुनी सापडला नाही, कारण त्याने आपल्या नावावर दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठवले होते. तो सापडला तो दारूच्या गुत्त्यात त्या दुसऱ्याने केलेल्या बडबडीवरून. नमुना कोणाचा, तो कोणी घेतला, कुठे ठेवला, या साध्या प्रश्नांवर सगळे विज्ञान उभे असते. आपल्याकडे पाय लुळे पडतात ते इथेच.

तालुक्याच्या ठाण्यातली मुद्देमालाची खोली डोळ्यांसमोर आणा. हातभट्टीचे कॅन, कोयते, गुन्हा नंबर खडूने लिहिलेल्या गोण्या, जप्त मोटारसायकलींच्या बॅटऱ्या, आणि त्यातच कुठेतरी लाखेचे सील मारलेले कपड्यांचे पुडके. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या खोलीला पंखा असला तर नशीब. रक्ताने ओला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा असतो. तो तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की आत बुरशी धरते, आणि उष्ण दमट हवेत डीएनएचे तुकडे तुकडे होतात. रक्ताची नळी थंडाव्यात हवी. ठाण्यात फ्रिज कुठला? मग एक दिवस एखादा शिपाई बंदोबस्तातून मोकळा होतो, पुडके पिशवीत घालून एसटीने नाशिकच्या प्रयोगशाळेकडे निघतो. सहा-आठ महिन्यांनी सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आला तर सरकारी वकील खूश. आणि तो नुसता हजर केला तरी पुरावा म्हणून वाचला जाऊ शकतो. न्यायालयाने स्वतःहून बोलावले नाही तर ज्याने चाचणी केली तो तज्ज्ञ पिंजऱ्यात येतही नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 293 वे कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 329 वे झाले, मूळ व्यवस्था तीच राहिली.

हे रडगाणे माझे एकट्याचे असते तर सोडून दिले असते. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या छावला प्रकरणात, एका तरुणीवरच्या सामूहिक बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने फाशी झालेल्या तिघांना सोडले. आरोपींचे नमुने फेब्रुवारी 2012 च्या मध्यावर घेतलेले, प्रयोगशाळेत गेले 27 तारखेला. मधले दिवस ते पोलिसांच्या मालखान्यात होते आणि त्यांत फेरफार झाला नसेलच असे सांगता येत नव्हते. त्या मुलीच्या आईबापांना कोणता न्याय मिळाला? आणि ते तिघे निर्दोष असतील तर दहा वर्षे त्यांनी काय भोगले? दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या मालखान्यात अडकले. 15 जुलै 2025 रोजी तमिळनाडूतल्या एका खटल्यात पुन्हा फाशीचा कैदी सुटला, आणि या वेळी न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले: डीएनए नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोचवा, तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंदवही ठेवा. विधेयक कायदा झाले असते तर अशा गोष्टी त्याखालच्या नियमांत आल्या असत्या. संसदेने मोकळी सोडलेली जागा न्यायालयाला निर्देशांनी भरावी लागली.

हे सगळे मागास देशाचे दुखणे, असे कोणी म्हणू नये. जर्मनीत वर्षानुवर्षे पोलीस एका बाईच्या मागावर होते. खून, घरफोड्या, हायलब्रॉनला 2007 मध्ये झालेली एका महिला पोलिसाची हत्या. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स मिळून चाळीसएक ठिकाणी तिचा डीएनए सापडला. तीन लाख युरोंचे बक्षीस लागले. 2009 मध्ये उलगडा झाला की ती बाई अस्तित्वातच नाही. नमुना घेण्याच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात भरल्या जात, तिथल्या कामगार बाईचा तो डीएनए होता. काड्या निर्जंतुक होत्या, डीएनएमुक्त नव्हत्या. जर्मन शिस्तीत हे होते, तर आपल्या खरेदी निविदेत सर्वांत कमी दराने आलेल्या काड्यांत काय काय असेल?

‘पण जुळणी चुकण्याची शक्यता कोट्यवधीत एक असते ना?’ असते, पूर्ण आणि स्वच्छ नमुन्यात. 1999 मध्ये इंग्लंडमध्ये पार्किन्सनमुळे धड चालताही न येणाऱ्या एका माणसाला दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या घरफोडीत पकडले. डीएनएवरच्या ठरावीक जागा, म्हणजे खुणा, तपासून माणसाची प्रोफाइल बनते; अशा सहा खुणांवर त्याची प्रोफाइल जुळली होती आणि योगायोगाची शक्यता तीन कोटी सत्तर लाखांत एक, असे सांगितले गेले होते. दहा खुणा तपासल्यावर तो सुटला. तोच आकडा एकशे चाळीस कोटींना लावा: सहा खुणांवर जुळणारे अडतीसेक जण निघतील. आज वीसच्या वर खुणा पाहतात, म्हणून पूर्ण प्रोफाइलमध्ये हा धोका जवळजवळ संपला आहे, हे मान्य. पण उन्हात सडलेल्या, दोघा-तिघांच्या मिसळलेल्या नमुन्यातून वीस खुणा निघत नाहीत, सात-आठ निघतात. शिवाय ही शक्यता काढतात ती एखाद्या लोकसमूहात कोणती खूण किती आढळते यावरून. ज्या जमातीत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक आपसातच होते तिथे माणसे परस्परांना जास्त जुळतात. नंदुरबार जिल्ह्याची सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. भिल्ल, पावरा, तडवी, मावची यांच्यासाठी कोणती आकडेवारी वापरली, हे सीए रिपोर्टमध्ये लिहिलेले तुम्ही कधी वाचलेत?

आणि आता मुख्य मुद्दा: या साठ्यात नावे कोणाची जमतील? जो वारंवार अटक होतो त्याची. आणि वारंवार अटक कोणाला होते? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. 1911 नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. नोंदवही, हजेरी, गाव सोडायला परवाना. बोटांच्या ठशांचे जगातले पहिले कार्यालय 1897 मध्ये कलकत्त्यात उघडले, त्यामागचे किचकट गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीय अंमलदारांनी बसवले. तेच ठसे पुढे या नोंदवह्यांत गेले. शास्त्र अस्सल होते, त्याचा उपयोग कोणावर करायचा हे मात्र आधीच ठरलेले होते. 1952 मध्ये तो कायदा गेला. पारध्याच्या पालावर रात्री गाडी जायची ती थांबली का? 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. तो जमावाचा गुन्हा होता, पोलिसांचा नव्हे, हे खरे. पण संशयाचे बोट आपल्याकडे आपसूक कुठे वळते, ते त्या दिवशी दिसले. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्या बाजारात शब्दशः घडली. ज्याची नोंद एकदा साठ्यात गेली तो पुढच्या प्रत्येक गुन्ह्यात संशयितांच्या रांगेत आपोआप उभा राहतो. ज्याची नाही तो राहत नाही. आणि डीएनए भावाबहिणींत, बापलेकांत निम्मा सारखा असल्याने एकाची नोंद म्हणजे कुटुंबाची नोंद. जमात रांगेत उभी करायला आता वेगळा कायदा करावा लागणार नाही.

‘मग सगळ्यांचाच घ्या, म्हणजे भेदभावच नको,’ हा त्यावरचा हजरजबाबी तोडगा. कुवेतने तो करून पाहिला. 2015 मध्ये मशिदीतल्या बॉम्बस्फोटानंतर नागरिक, परदेशी, पर्यटक सगळ्यांना डीएनए सक्तीचा केला. 2017 मध्ये तिथल्याच घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या, खासगीपणाला मूलभूत हक्क मानणाऱ्या पुट्टस्वामी निकालाने त्याच वर्षी सांगितले की खासगीपणावर घाला घालायचा तर कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. अत्याचार करणाऱ्याला पकडण्यासाठी रावेरच्या सगळ्या केळीबागायतदारांचा आणि चोपड्याच्या सगळ्या शिक्षकांचा डीएनए 75 वर्षे ठेवणे, यात प्रमाण कुठे बसते?

ठशांचा दाखलाही नेहमी दिला जातो. 1961 मध्ये काथी कालू ओघड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की ठसे किंवा हस्ताक्षर देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे; मग डीएनएचे वेगळे काय? साक्षीपुरते वेगळे काही नाही. साठ्यापुरते फार आहे. बोटाचा ठसा आजार सांगत नाही, बाप कोण ते सांगत नाही. प्रोफाइल म्हणजे वीसेक खुणांचे आकडे, त्यातूनही फारसे कळत नाही हे खरे. पण ज्या नमुन्यातून ती काढली तो नमुना सगळे सांगतो, आणि आपला कायदा नमुना आणि प्रोफाइल यांत भेदच करत नाही. इंग्लंडमध्ये 1995 पासून डेटाबँक आहे. तिथे अकरा वर्षांच्या वयात पकडलेल्या आणि निर्दोष सुटलेल्या मुलाची नोंद पोलीस पुसेनात. 2008 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या सतराच्या सतरा न्यायाधीशांनी मार्पर खटल्यात ते बेकायदा ठरवले. 2012 च्या कायद्यानंतर तिथे मूळ नमुना सर्वसाधारणपणे सहा महिन्यांत नष्ट होतो आणि निर्दोषांच्या लाखो नोंदी पुसल्या गेल्या. डेटाबँक बंद पडली का? नाही. गुन्हेगार अजून सापडतात. पुसण्याची तरतूद आमच्याही कायद्यात आहे, असे सरकार म्हणेल. आहे: सगळी अपिले संपून निर्दोष ठरल्यावर, पूर्वी शिक्षा नसेल तर, आणि न्यायालयाने उलट काही म्हटले नसेल तर. 2022 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, विनंती करायची. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला ज्या जिल्ह्यात माणसाच्या चपला झिजतात, तिथे तोरणमाळच्या खालच्या पाड्यावरचा माणूस दिल्लीतल्या सर्व्हरवरची नोंद पुसून घेणार!

आणखी एक गोष्ट, जी परिसंवादात येत नाही कारण तिथे कोणी सातपुड्यातला नसतो. नंदुरबारच्या दुर्गम भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. 2023 पासून केंद्राच्या मोहिमेत शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. आशाताई बोटाला सुई टोचते, थेंब नळीतल्या द्रावणात पडतो. द्रावण गढूळ झाले तर पुढची तपासणी, मग कार्ड हातात. लग्न जमवताना दोघांची कार्डे पाहिली जावीत, इथवर लोकांना आणायला आरोग्य कर्मचाऱ्यांची हाडे झिजली आहेत. स्वीडनमध्ये नवजात बालकांच्या आजारतपासणीसाठी रक्ताचे थेंब साठवलेले असतात. 2003 मध्ये परराष्ट्रमंत्री ॲना लिंड यांची हत्या झाली तेव्हा पोलिसांनी संशयिताचा थेंब त्याच साठ्यातून मिळवला. खुनी पकडला गेला, आणि आरोग्यासाठी दिलेले रक्त पोलिसांकडे जाते हे देशाला कळले. आपल्या 2022 च्या कायद्याखाली दंडाधिकारी तपासासाठी कोणालाही मापे देण्याचा हुकूम करू शकतो. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यातही गुन्हेतपासाला सवलत आहे. मोलगीच्या पाड्यावर एकदा जरी बातमी पसरली की सुईचा थेंब ठाण्यात गेला, तर शिबिरात माणूस यायचा नाही. म्हणून आरोग्याचा नमुना तपासाला कधीही, कुठल्याही गुन्ह्यात वापरता येणार नाही, हे वाक्य कायद्यात स्पष्ट हवे. एखादा खुनी त्यामुळे सुटेल. सुटो.

इतके सगळे नियम लावले तर तपास रखडेल, असा शेवटचा आक्षेप. तपास आज रखडतोय तो नियमांमुळे नव्हे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची सक्ती नव्या संहितेने केली, पण राज्यांना पाच वर्षांची सवड देऊन, कारण माणसेच नाहीत. आधी ती माणसे, ठाण्यात फ्रिज, नोंदवही आणि जवळची प्रयोगशाळा, साठा त्यानंतर. खानदेशातून जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार असे चार खासदार लोकसभेत जातात. विधेयक पुन्हा येईल तेव्हा त्यांपैकी एकाने तरी उठून विचारावे: निर्दोष सुटलेल्याचा नमुना किती दिवसांत नष्ट होणार, तो झाल्याचे पत्र त्याच्या घरी कोण पाठवणार, आणि नाही पाठवले तर कोणत्या अधिकाऱ्यावर कोणत्या कलमाखाली गुन्हा दाखल होणार?